उधळलेल्या तेलाची परतवाट

इंजिनाची तारीफ करताना आपण अश्वशक्ती सांगतो, वेग सांगतो, लिटरमागे किती जातं ते सांगतो. तेलाचा विषय निघालाच, तर कोणतं घातलं आणि केव्हा बदललं, इथवर. इंजिन रचणाऱ्याची पारख मला मात्र वेगळ्या जागी करावीशी वाटते. पंपाने दाबून दिलेलं तेल बेअरिंगमधून बाहेर पडलं की पुढे त्याचं काय होतं? फिरत्या क्रँकने ते चहूकडे उधळलं, त्यानंतर ते कुठे जातं, किती वेळात खाली पोचतं, पोचेपर्यंत किती हवा पोटात घेतं? तेल देणं हे पंपाचं काम. चांगला पंप बसवला की ते भागतं. तेल परत घेणं हे रचनेचं काम, आणि रसिकाने थांबून पाहावं असं बरंच काही तिथेच आहे.

हे पाहायला नगरसारखं गाव नाही. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं, तरी मोटारींच्या जगात या गावाची ओळख जुनीच. १९९४ साली उघडलेलं रणगाडा संग्रहालय इथे आहे. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र, म्हणजे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, इथेच आहे. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, जिला सगळे व्हीआरडीई म्हणतात, ती आणि तिचे चाचणी-रस्ते इथेच. आणि दौंड रस्त्यावर कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना, जिथल्या लुनाने १९७२ पासून अख्ख्या देशाला पायडल मारायला आणि मग न मारायला शिकवलं. पन्नास टनांचा रणगाडा आणि पन्नास सीसीची लुना एकाच गावात नांदली. क्रँकभोवतीच्या तेलाला वळण लावण्याच्या जितक्या तऱ्हा माणसाला सुचल्या, त्यांतल्या बहुतेक या दोन टोकांच्या मध्ये सापडतात.

आधी रणगाड्याकडे जाऊ. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनमध्ये होते, तो ‘फॅमागुस्टा’ नावाचा रणगाडा युद्धानंतर दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवला आहे. खेत्रपाल जन्माने पुण्याचे. युद्धाला तोंड फुटलं तेव्हा ते नगरलाच तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमात होते. तिथून रेजिमेंटमध्ये परत बोलावले गेले, आणि २१ व्या वर्षी मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी झाले. त्या रणगाड्यापुढे उभं राहिलेल्या माणसाची नजर तोफेवर आणि बुरुजावर जाणं साहजिक आहे. तिथे मान लवतेच. मग माझी नजर मागच्या बाजूच्या पोलादी झाकणांकडे वळते, कारण सेंच्युरियनचं इंजिन त्यांच्याखाली असतं.

हे इंजिन रोल्स-रॉइसचं मिटिऑर. स्पिटफायर विमानातल्या मर्लिनचा हा जमिनीवरचा भाऊ: सुपरचार्जर काढलेला, घडण तीच. ६० अंशांच्या व्हीमध्ये बारा सिलिंडर, एकूण २७ लिटर, सेंच्युरियनमध्ये २५५० फेऱ्यांना ६५० अश्वशक्ती. क्रँक सात मेन बेअरिंगांवर तोललेला. सहा क्रँकपिन, आणि प्रत्येक पिनवर समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे दोन कनेक्टिंग रॉड: एकाचं टोक दुबेळक्याचं, दुसऱ्याचं साधं, त्या दुबेळक्यात बसणारं. तेल मेन बेअरिंगात शिरतं, क्रँकच्या पोटातल्या भोकांतून पिनांकडे जातं आणि बेअरिंगांच्या कडांतून बाहेर पडतं. सात मेन आणि सहा पिन, म्हणजे तेल बाहेर पडण्याच्या तेरा जागा.

हे बाहेर पडणं म्हणजे गळती नव्हे, ते मुद्दाम योजलेलं असतं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजावी इतकी फट असते. त्या फटीत फिरता दांडा स्वतःच तेल ओढतो, त्याची पाचर तयार करतो आणि तिच्यावर तरंगतो. धातूला धातू लागत नाही. काम करताना ते तेल तापतं. तापलेलं तेल कडेने निघून गेलं आणि मागून गार तेल आलं, तरच बेअरिंग टिकतं. तेव्हा तेलाने बाहेर पडायलाच हवं. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

त्या क्षणी तेलाच्या थेंबावर काय गुदरतं ते आकड्यांत पाहू. मिटिऑरच्या पिस्टनची धाव १५२ मिलिमीटर, म्हणून क्रँकपिनचा मध्य ७६ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. मिनिटाला २५५० फेऱ्या म्हणजे सेकंदाला साडेबेचाळीस. हिशेब केला तर पिनचा वेग ताशी ७३ किलोमीटर भरतो. सेंच्युरियन स्वतः रस्त्यावर जास्तीत जास्त पस्तिसाच्या आसपास धावतो; त्याच्या पोटातली पिन त्याच्या दुप्पट वेगाने जागच्या जागी धावत असते. तिच्यावरच्या तेलाला बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या साडेपाचशे पट. एक ग्रॅमचा थेंब तिथे अर्ध्या किलोहून जड होतो. असा थेंब शांतपणे खाली ठिबकत नाही. तो भिंतीवर आदळतो, फुटतो, त्याचं धुकं होतं, आणि क्रँकने आपल्याबरोबर गरागरा फिरवलेल्या हवेत ते धुकं अडकून राहतं.

तोटे इथूनच सुरू होतात. त्या धुक्यातून वाट काढताना क्रँकची ताकद खर्ची पडते, आणि ती चाकांपर्यंत पोचत नाही. सिलिंडरच्या भिंतींवर गरजेपेक्षा जास्त तेल उडतं, पिस्टनच्या रिंगांना ते सगळं खरवडून खाली आणता येत नाही, आणि इंजिन ‘ऑइल खायला’ लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे तेलात हवा मिसळते. शुद्ध तेल दाबलं जात नाही म्हणून ते भार पेलतं. बुडबुड्यांचं तेल दाबलं जातं, आणि ऐन भाराच्या क्षणी बेअरिंगातली पाचर विरळ होते. तळाशी साठलेल्या तेलाची पातळी वाढून क्रँक त्यात बुडाला, तर रवीने ताक घुसळावं तसं तो त्याला घुसळतो आणि पाहता पाहता फेस करतो. डिपस्टिकवर वरची खूणही असते ती यासाठीच. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून त्या खुणेच्या वर तेल ओतणारे भले लोक इंजिनाचं नुकसानच करतात.

मिटिऑरच्या घराण्याने यावर काढलेला उतारा विमानातून आला. मर्लिन हे विमानाचं इंजिन. विमान चढतं, सूर मारतं, कलंडतं. तळाशी तेलाचं तळं ठेवून चालणारच नव्हतं. म्हणून तळ कोरडा ठेवायचा, ज्याला ड्राय संप म्हणतात. तेलाची टाकी वेगळी. एक पंप टाकीतून तेल घेऊन बेअरिंगांना देतो, आणि खाली आलेलं तेल उपसून टाकीत नेणारे पंप दोन. हा दोनचा आकडा मला फार आवडतो. उपसणाऱ्याच्या तोंडी निव्वळ तेल येत नाही, तेल-हवेचं मिश्रण येतं, आणि त्याचं आकारमान मोठं असतं. म्हणून उपसण्याची क्षमता देण्याच्या क्षमतेहून जास्त लागते. शिवाय उपसायची तोंडंही दोन: एक क्रँककेसच्या पुढच्या टोकाला, एक मागच्या.

दोन तोंडं का, हे रणगाड्यात बसवल्यावर लख्ख कळतं. रणगाड्याने ६० टक्क्यांचा चढ चढावा अशी अपेक्षा असते. शंभर मीटर पुढे जाताना साठ मीटर वर, म्हणजे ३१ अंश. क्रँककेस एक मीटर लांब धरली, तरी अशा चढावर तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा अर्धा मीटर उंच होतं. तळाशी तळं असतं, तर सगळं तेल मागे लोटलं असतं, मागचे क्रँकपिन त्यात बुडाले असते आणि पुढचं तोंड हवा ओढत बसलं असतं. दोन तोंडांमुळे चढावर मागचं तोंड उपसतं, उतारावर पुढचं. जमिनीचा कल काहीही असो, तेलाला धरायला कुणीतरी हजर असतं. सोव्हिएत रणगाड्यांच्या व्ही-२ या डिझेल घराण्यातही, जे टी-३४ पासून आपल्या टी-५५ आणि टी-७२ पर्यंत आलं, तेलाच्या पंपाचे तीन भाग आहेत: देणारा एक, उपसणारे दोन. ब्रिटिश विमानातून आलेली रचना आणि सोव्हिएत डिझेलची रचना एकमेकींना विचारून झाल्या नव्हत्या. प्रश्न नेमका कळला, की उत्तरं जवळ येतात.

याच्या उलट, प्रश्न पुरता न सुटलेल्या रचनेतही रस असतो. शर्मन रणगाड्याच्या एम-४ आणि एम-४ए१ या प्रकारांत काँटिनेंटलचं आर-९७५ हे इंजिन होतं: नऊ सिलिंडर मधल्या क्रँककेसभोवती वर्तुळात मांडलेले. हेही विमानाचं, आणि ड्राय संपचंच. चालू असताना सगळं ठीक. बंद केलं, की क्रँककेसमध्ये उरलेलं तेल हळूहळू खाली झिरपतं. आणि खाली काय, तर तळाचे सिलिंडर, तोंड वर करून बसलेले. तेल रिंगांच्या फटींतून ज्वलनकक्षात उतरतं. तेल दाबलं जात नसल्याने तशाच स्थितीत स्टार्टर मारला तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून रणगाडा काही वेळ उभा राहिला असेल, तर दलातल्या जवानांनी आधी मागून हँडल घालून इंजिन हाताने फिरवायचं, तळाच्या सिलिंडरांतलं तेल बाहेर काढायचं, आणि मगच चालू करायचं, असा शिरस्ता होता. सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरला पॅटन रणगाड्यांना अडवणाऱ्या आपल्या तुकड्यांत ३ कॅव्हलरीच्या सेंच्युरियनबरोबर डेक्कन हॉर्सचे शर्मनही होते. रणगाडा हाकणाऱ्या जवानाचं तेलाशी नातं कसं असतं, ते या हँडलच्या शिरस्त्यावरून कळतं. कागदावर जे सुटलं नाही, ते माणसाच्या दंडाने सोडवलं.

आणखी वेगळा नमुना विजयंताचा. आवडी इथल्या कारखान्यात बनलेला हा रणगाडा. आपल्याकडच्या अनेक गावांत स्मारक म्हणून चौथऱ्यावर उभा असलेला दिसतो. त्याचं लेलँड एल-६० इंजिन विलक्षण होतं: सहा उभे सिलिंडर, प्रत्येकात समोरासमोर धावणारे दोन पिस्टन, आणि म्हणून दोन क्रँक, एक तळाशी, एक माथ्यावर. तळाच्या क्रँकचं तेल नेहमीप्रमाणे खाली पडेल. माथ्यावरच्या क्रँकचं काय? त्याच्या खाली वरच्या पिस्टनांची उघडी, पोकळ पाठ आहे. तिथे पडलेलं तेल थेट पिस्टनात साठणार, आणि त्याची पुढची वाट रिंगांवरून ज्वलनकक्षाकडे. साध्या इंजिनात गुरुत्वाकर्षण रिंगांच्या मदतीला असतं, इथे ते त्यांच्या विरुद्ध उभं राहतं. माथ्यावरच्या मजल्यावरून तेल वेळच्या वेळी बाजूने खाली उतरवलं नाही, तर धूर ठरलेला. एल-६० ला त्याच्या हयातीत फार कौतुक मिळालं नाही, आणि त्याची कारणं अनेक होती. तरीही या मांडणीकडे पाहताना रचणाऱ्याने केवढं अवघड ओझं शिरावर घेतलं होतं, त्याची दाद द्यावीशी वाटते.

आता रस्त्यावर येऊ, कारण पंप, टाकी आणि नळ्यांचा हा थाट तुमच्या-माझ्या मोटारीला परवडत नाही. तिथे तळाशी तळंच असतं, ज्याला गॅरेजात सरळ ‘चेंबर’ म्हणतात. खडीवर आपटून चेंबर फुटलं की मोटार जागीच बसते, हे खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांनी सगळ्यांना शिकवलं आहे. पाथर्डीकडे जाताना करंजी घाट चढणाऱ्या गाड्यांना ६० टक्क्यांचा चढ कधीच लागत नाही. पण जोरात ब्रेक दाबला तर? गुरुत्वाकर्षणाच्या आठ दशांश इतक्या जोराने मोटार थांबली, तर चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग ३९ अंशांनी कलतो. रणगाड्याला डोंगरावर जे सोसावं लागतं त्याहून जास्त तुमच्या मोटारीचं तेल एखादी म्हैस आडवी आली की सपाट रस्त्यावर सोसतं. फरक इतकाच, की हे क्षणाचं असतं.

त्या क्षणासाठी आणि रोजच्या फिरण्यासाठी चेंबरमध्ये काय असतं, ते चेंबर उतरवल्यावर हातात घेऊन पाहण्यासारखं आहे. तळाशी, तेल ओढणाऱ्या जाळीभोवती, उभे पत्रे असतात. ब्रेक लागला की तेल पुढे धावतं. हे पत्रे त्याला जाळीपाशी रोखून धरतात. शर्यतीच्या मोटारींत या पत्र्यांना एकाच बाजूला उघडणारी छोटी दारं असतात: तेल जाळीकडे येऊ शकतं, जाळीपासून पळू शकत नाही. आणि त्यांच्या वर, तेलाची पातळी आणि क्रँक यांच्या मध्ये, एक आडवा पत्रा. इंजिनवाले त्याला विंडेज ट्रे म्हणतात. माझ्या मते अख्ख्या इंजिनातला हा सर्वांत सुबक तुकडा, आणि मोटार वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो पाहिलेला असतो.

तो निरखून पाहा. पत्रा पातळ, क्रँकच्या फिरण्याच्या वर्तुळाला जवळ जावं म्हणून खोलगट वळवलेला. त्यावर ओळीने चिरा पाडून प्रत्येक चिरेची एक कड उचललेली. या कडा सगळ्या एकाच दिशेला तोंड करून आहेत. क्रँक ज्या दिशेने फिरतो, त्या दिशेने त्याचं वारं आणि त्या वाऱ्यातलं तेल धावतं. उचललेल्या कडांची तोंडं येणाऱ्या तेलाच्या समोर आहेत. वेगाने आलेला तेलाचा पापुद्रा त्या कडेला लागतो, धुक्यापासून सुटतो आणि चिरेतून खाली उतरतो. खालचं तेल उसळलं, तर त्याला वर येण्याची वाट नाही, कारण चिरेचं तोंड त्याच्याकडे पाठ करून आहे. पत्रा उलटा बसवा, तोच पत्रा, तेवढ्याच चिरा. काम बरंचसं गेलं. चिरांऐवजी बारीक तारांची जाळीही लावतात: वेगातला थेंब जाळीतून पार होतो, होताना वेग गमावतो, आणि मग त्याच्या अंगात परत यायचं बळ राहत नाही.

ट्रेच्या कडेला कुठे कुठे आणखी एक पट्टी असते, स्क्रेपर. क्रँकच्या बाहेरच्या कडेच्या नेमक्या आकाराने ती कापलेली असते, प्रत्येक वजनाच्या चकतीसाठी वेगळी खाच. क्रँक तिच्यापासून दीड-दोन मिलिमीटरवरून जातो. याहून जवळ का नाही? कारण क्रँक पोलादी असला, तरी भाराखाली किंचित वाकतो आणि पिळला जातो. त्याला हलायला जागा द्यावी लागते. तेवढ्या अंतरावरूनही पट्टी क्रँकला चिकटून फिरणारं तेल उतरवून घेते. या दोन्ही तुकड्यांत हलणारा भाग एकही नाही. पंप नाही, स्प्रिंग नाही, झडप नाही.

पोटातल्या हवेचाही विचार यात येतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन खाली येतात तेव्हा दोन वर जातात. पोटातल्या हवेचं एकूण आकारमान फारसं बदलत नाही, पण हवा एका कप्प्यातून दुसऱ्यात प्रत्येक फेरीला ये-जा करते. मधल्या भिंतींत तिला वाट नसेल, तर ती ट्रेखालून, तेलाच्या पृष्ठभागावरून धावते आणि तेल उचलून नेते. म्हणून जाणता रचनाकार मेन बेअरिंगांच्या भिंतींना वरच्या अंगाला भोकं ठेवतो. वरून, हेडमधून परतणारं तेलही तो मधून सोडत नाही. कडेच्या भिंतीतून, क्रँकला टाळून, थेट ट्रेच्या खाली नेतो. तेल खाली आणायच्या वाटा आणि हवा फिरायच्या वाटा वेगळ्या ठेवणं, हे चांगल्या क्रँककेसचं लक्षण.

राहिलं एक टोक, जिथे क्रँक इंजिनाच्या भिंतीतून बाहेर पडून फ्लायव्हीलला मिळतो. तिथलं तेल बाहेर गेलं, तर क्लचवर जातं. आज तिथे रबरी ओठाचं ऑइल सील असतं. खराब झालं की बदलायचं, पण बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून ते साऱ्यांना नकोसं. पण ज्या अँबॅसिडरने दोन पिढ्यांच्या सरकारी साहेबांना वाहून नेलं, तिच्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनात मागच्या मेन बेअरिंगपाशी असं सीलच नव्हतं. तिथे क्रँकवरच एक आटा कापलेला होता. साधा, रुंद, उथळ आटा. बाहेर अगदी थोडी फट सोडून गुळगुळीत भोक, आणि त्या भोकात फिरणारा हा आटा. आट्याची दिशा अशी निवडलेली, की क्रँक फिरला की आट्यातलं तेल इंजिनाच्या आत ढकललं जावं. त्याच्या आधी दांड्यावर उंचवट्याची एखादी कड ठेवली, की बरंचसं तेल आट्यापर्यंत पोचण्याआधीच तिथून फेकलं जाऊन भिंतीवरून खाली उतरतं.

या आट्याच्या मर्यादा मला ठाऊक आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. तो फिरतो तोवरच काम करतो. चढावर तोंड करून गाडी उभी ठेवली, तर मागे साठलेलं तेल थेंब थेंब बाहेर येतं. अँबॅसिडर उभी राहायची तिथे जमिनीवर जो काळा डाग दिसायचा, त्यातला थोडा इथला. रिंगा झिजून ज्वलनाचा वायू क्रँककेसमध्ये उतरायला लागला आणि त्याला बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबला, तर आतला दाब तेलाला आट्याच्या विरुद्ध बाहेर लोटतो. तेव्हा आट्याला दोष देऊ नये. ब्रीदर साफ करावा, रिंगा पाहाव्यात. फट नीट आणि दाब नीट असला, की हा आटा क्रँकच्या आयुष्याइतका टिकतो, कारण तो कशालाच घासत नाही.

आता दुसरं टोक, लुना. हस्तिमल फिरोदियांच्या कायनेटिकने नगरला केलेली ही पन्नास सीसीची टू-स्ट्रोक मोपेड. मिटिऑरच्या २७ लिटरांत अशी ५४० इंजिनं मावतील. हिच्या क्रँकखाली तेलाचं तळं नाही, चेंबर नाही, पंप नाही. तेल पेट्रोलमध्येच, शेकडा दोनच्या आसपास मिसळलेलं. पेट्रोलपंपावर ‘टू-टी’ म्हणून मिळणारं. पिस्टन वर जातो तेव्हा हे मिश्रण क्रँककेसमध्ये ओढलं जातं, खाली येतो तेव्हा तिथेच दाबलं जाऊन बाजूच्या वाटेने सिलिंडरमध्ये चढतं. पेट्रोल उडून जातं, तेलाचा पातळ थर क्रँक आणि बेअरिंगांवर राहतो. इथे गोळ्यांची आणि बारीक रुळांची बेअरिंगं चालतात, आणि त्यांना तेवढं धुकं पुरतं. दाबाने दिलेल्या तेलाची पाचर त्यांना लागत नाही.

गंमत पाहा: जे वारं मिटिऑरच्या पोटात शत्रू होतं, तेच इथे मित्र आहे. क्रँकच्या चकत्या फिरतात म्हणून मिश्रण तळाशी बसत नाही, धुक्याच्या रूपात राहतं. इथे तेलाने परत यायचंच नाही. ते एकदा क्रँकपाशी येतं, आपलं काम करतं, सिलिंडरमध्ये चढतं आणि जळून जातं. मागे निळसर धूर उरतो, आणि तो धूर हवेला महागात पडला, हेही खरं. क्रँकच्या दोन्ही टोकांची सीलं मात्र इथे रबराचीच हवीत आणि घट्ट हवीत. त्यांनी तेल धरायचं नसतं, श्वास धरायचा असतो: सील गेलं, की इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून जॅम होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या विजेवरच्या ई-लुनाला क्रँकच नाही, म्हणून हा सगळा प्रश्नच तिला नाही. नाव तेच राहिलं, पण पोटातली एक अख्खी विद्या मागे राहिली. म्हणूनच ती विद्या आज नीट वाचून ठेवावी असं मला वाटतं.

सगळं डोळ्यांपुढे ठेवून निवाडा करायचा झाला, तर मी असा करीन. भव्यता मिटिऑरची: तेरा जागांतून उधळलेलं तेल ३१ अंशांच्या चढावरही दोन तोंडांनी उपसून टाकीत नेणारी. धाडस एल-६० चं. काटकसर लुनाची. पण मला सर्वांत वरचा मान द्यायचा आहे तो ट्रेच्या वाकवलेल्या पत्र्याला आणि अँबॅसिडरच्या त्या आट्याला. बाकीच्यांनी तेल परत आणायला वेगळी ताकद लावली: पंप, टाक्या, नळ्या, शर्मनच्या बाबतीत तर जवानाचा दंड. पत्र्याने आणि आट्याने बाहेरून काहीच मागितलं नाही. ज्या फिरण्याने तेल उधळलं, तेच फिरणं त्यांनी परतवाटेला लावलं. क्रँकच्या वाऱ्यानेच तेल चिरांत शिरतं. बाहेर पळू पाहणारं तेल क्रँकच्याच फेरीने आत येतं. दोष आणि उपाय यांना एकच हात चालवतो. इंजिनाच्या रचनेत यापेक्षा शुद्ध विचार मी पाहिलेला नाही. पुढच्या वेळी गाडीचं चेंबर उतरवलेलं असेल, तेव्हा मिस्त्रींना सांगून तो पत्रा पुसून हातात घ्या, उचललेल्या कडा कोणत्या बाजूला तोंड करून आहेत ते पाहा, आणि क्रँक कुठल्या दिशेने फिरतो ते त्यांना विचारा. उत्तर मिळालं की कडांची दिशा आपोआप उलगडेल, आणि तो पत्रा तसा वाकवणाऱ्याची बुद्धी तुम्हाला बोटांनी कळेल.